कार्मेलवर जीव आहे, पण तिथं राहवेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, वसईकडची मुलगी, मुंबईत हॉस्पिटलात स्टाफ नर्स. पहिल्या कम्युनियनला आजीने आणलेलं ब्राऊन स्कॅप्युलर (कार्मेल मातेच्या भक्तीचं, दोरीला दोन कापडी तुकडे असलेलं) फादरांनी गळ्यात घातलं ते आजपर्यंत काढलेलं नाही, छोट्या तेरेजाचा, म्हणजे कार्मेलमधल्या संत सिस्टरचा फोटो पर्समध्ये, 16 जुलैच्या कार्मेल मातेच्या सणाची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, कधी चुकली नाही. गेल्या वर्षी रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) झाली तेव्हापासून सारखं वाटतंय की कार्मेलच्या, म्हणजे प्रार्थनेला वाहून घेतलेल्या सिस्टरांच्या मठात जावं, क्लॉइस्टरमध्ये, जिथून सहसा बाहेर पडत नाहीत अशा बंद मठात, कायमचं. घरात स्थळं बघणं चालू आहे, नर्सिंगचं लोन अजून फिटायचंय आणि आई हा विषय काढला की उठून किचनमध्ये जाते. "हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं आहे, का नुसती भक्ती आहे, का मी लग्नापासून पळतेय? कसं ओळखायचं?"

अगं पोरी, ती तिसरी शंका तू स्वतःच लिहिलीस हे वाचून मला बरं वाटलं, कारण बहुतेक मुली ती लपवतात आणि मग ती नोव्हिशिएटच्या, म्हणजे मठातल्या शिकण्याच्या काळाच्या, दुसऱ्या वर्षी बाहेर येते, तेव्हा सगळ्यांनाच त्रास होतो.

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी कार्मेलची नाही. ॲक्टिव्ह काँग्रिगेशनमधली, म्हणजे बाहेर लोकांत सेवा करणाऱ्या संस्थेतली सिस्टर आहे, 34 वर्षं झाली, त्यातली 11 वर्षं नोव्हिसेस, म्हणजे नव्या शिकाऊ मुली, माझ्याकडं होत्या. त्या काळात किती मुली आल्या, किती राहिल्या, किती रडत गेल्या आणि किती हसत गेल्या ते सगळं बघितलंय. म्हणून जे सांगते ते त्या अनुभवातून, पुस्तकातलं कमी.

तर पहिली गोष्ट, स्कॅप्युलरची. गोव्याकडं ज्याला बेंतीण म्हणतात तेच हे. मुळात ते मठातल्या लोकांनी झग्यावर घालायचं कामाचं कापड, ॲप्रनच समज, त्याचं छोटं रूप होऊन दोन तुकडे नि दोरी राहिली. परंपरा सांगते की 1251 साली सायमन स्टॉकला मरियामातेने ते दिलं, इतिहासवाले त्यावर वाद घालतात, ते जाऊदे. मुद्दा असा की फादरांनी एकदा प्रार्थना म्हणून ते तुझ्या गळ्यात घातलं तेव्हाच तू कार्मेलच्या कुटुंबाशी जोडली गेलीस. म्हणजे "कार्मेलची व्हायचंय" हा तुझा प्रश्नच नाही, ती तू लहानपणीच झालीस. तुझा प्रश्न एवढाच आहे की त्या घरात राहायला जायचं का. आजोळवर आपलं कितीही प्रेम असलं तरी सगळ्याच नाती काही आजोळी राहायला जात नाहीत ना.

आता भक्ती आणि पाचारण यातला फरक. भक्ती बहुतेक वेळा एका माणसावर असते, तुझी छोट्या तेरेजावर आहे. फोटोत ती कशी दिसते, हातात क्रूस आणि गुलाबं. पण ती तिथं जगली कशी ते तिनेच लिहून ठेवलंय. कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवायची, चॅपेलमध्ये मागं बसलेली एकजण सारखा बारीक आवाज करायची आणि हिला घाम फुटायचा पण मागं वळून बघायचं नाही असं तिने ठरवलेलं, शिवाय थंडी, आणि प्रार्थनेच्या वेळी डोळ्यावर झोप. 9 एप्रिल 1888 ला पंधरा वर्षांची आत गेली आणि 30 सप्टेंबर 1897 ला चोवीस वर्षांची असताना टीबीने वारली. तू नर्स आहेस, ते शेवटचे महिने कसे गेले असतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तेव्हा स्वतःला विचारायचं ते हे, की मला तेरेजा आवडते का तेरेजाचा मंगळवार आवडेल? नुसता मंगळवार हं, सणाचा दिवस नाही.

तो मंगळवार कसा असतो ते सांगते. मोठ्या तेरेजाने, आविलाच्या, 1562 मध्ये जे सुधारित कार्मेल सुरू केलं त्यात तिने मुद्दाम छोटी घरं ठेवली, एका मठात जास्तीत जास्त 21 जणी. त्याच 21, वर्षानुवर्षं. दिवसातून दोन तास मौन-प्रार्थना, एक तास सकाळी नि एक संध्याकाळी, शिवाय मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि दिवसभरात ठराविक वेळांना स्तोत्रं. मध्ये काम, बहुतेक एकटीने आणि गप्प राहून: होस्तिया (मिस्सात वापरायची पातळ भाकर) करणं, फादरांचे मिस्साचे कपडे शिवणं, बाग, स्वयंपाक. आणि दोन तास रिक्रिएशन, ज्यात सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं, हसायचं. लोकांना वाटतं मौन जड जात असेल. माझ्या ओळखीच्या कार्मेलाइट सिस्टर सांगतात, मौन नाही, रिक्रिएशन जड जातं, कारण ज्या बाईशी सकाळी खटका उडाला तिच्याच शेजारी बसून हातात शिवण घेऊन हसायचं असतं आणि घरी निघून जायची सोय नसते.

माझीच गोष्ट सांगते आता, हसू नकोस. मी एकोणीस वर्षांची असताना मलाही क्लॉइस्टरचंच वेड होतं. जाळीच्या आतलं ते शांत चॅपेल बघितलं आणि मी गेलेच. एका मठात काही दिवस राहायला घेतलं त्यांनी. नवव्या दिवशी मठाच्या प्रमुख मदरने बोलावलं आणि विचारलं, "दारावरची बेल वाजली की तू काय करतेस?" मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या, "मान वर करतेस. रोज. कोण आलं असेल, काय हवं असेल, जेवला असेल का, हे तुझ्या तोंडावर दिसतं. तुझं पाचारण बेलच्या त्या बाजूला आहे." मी तीन दिवस रडले, मला वाटलं मला नापास केलं. पुढं दहा-बारा वर्षांनी कळलं की त्या बाईने माझं आयुष्य वाचवलं होतं, आणि जी गोष्ट मी दोष समजत होते तिच्यावरच मी आजवर जगतेय. त्यांच्याविषयी भक्ती अजून आहे बरं का, दर वर्षी नाताळाआधी ॲडव्हेंटमध्ये पत्र पाठवते.

म्हणून पहिलं काम तुझ्यासाठी: तू कशाला मान वर करतेस ते बघ. वॉर्डमध्ये पेशंटजवळ असताना तुला देव जवळ वाटतो का, का पेशंट संपवून कधी एकदा गप्प बसायला मिळेल असं होतं? दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत पण ती वेगवेगळ्या दारांकडे नेतात. आणि बारा तासांची नाईट करून आल्यावर शांतता हवीशी वाटते ते पाचारण नसतं, ती झोप असते.

तुझ्या लाडक्या तेरेजाच्या घरातलंच बघ की. तिचे वडील लुई मार्टिन तरुणपणी आल्प्समधल्या सेंट बर्नार्डच्या मठात जायला निघाले होते, लॅटिन येत नाही म्हणून घेतलं नाही. आई झेली, तिला सिस्टर ऑफ चॅरिटी व्हायचं होतं, मदरने सांगितलं तुझं पाचारण हे नाही. दोघांना नकार, मग 1858 मध्ये दोघांचं लग्न झालं, नऊ मुलं, पाच मुली जगल्या आणि पाचही सिस्टर झाल्या. 18 ऑक्टोबर 2015 ला ही जोडी संत म्हणून जाहीर झाली, नवराबायको एकत्र. आणि त्यातली लेओनी, जिचं नाव कोणी घेत नाही, ती मला सगळ्यात आवडते. चार बहिणी कार्मेलमध्ये, आणि ही आधी क्लेरिस्ट सिस्टरांच्या मठात गेली, दोन महिन्यांत परत. मग व्हिजिटेशनच्या मठात, परत. पुन्हा तिथंच, दोन वर्षांनी परत. 1899 मध्ये चौथ्यांदा गेली ती मात्र 1941 ला मरेपर्यंत राहिली. आपल्याकडं एकदा परत आलेल्या मुलीला लोक काय काय बोलतात, लेओनी तर तीनदा आली. तिचीही संत म्हणून चौकशी सुरू झालेली आहे.

आता ओळखायचं कसं, म्हणजे डिसर्नमेंट. यात जेज्विट हा फादर-ब्रदरांचा संघ काढणाऱ्या इग्नेशियसएवढं सोपं कोणी सांगितलेलं नाही आणि त्याला ते देवळात सुचलं नाही, पलंगावर सुचलं. 1521 ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोनमहिने पडून, वाचायला शूरवीरांच्या गोष्टी हव्या होत्या पण घरात फक्त येशूचं आणि संतांचं चरित्र. मग तो पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचा, एक एका मोठ्या घरच्या बाईला जिंकायचं आणि दुसरं संतांसारखं उपास करत येरुशलेमला चालत जायचं. दोन्ही बघताना मजाच यायची. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न संपलं की आतून कोरडं वाटायचं, दुसरं संपल्यावरही समाधान रेंगाळायचं. बस, सगळी पारख यात आहे, चव तोंडात किती वेळ राहते ते बघायचं.

तर एक वही कर. मोबाइलमध्ये नको, वहीच. रोज रात्री, किंवा नाईट असेल तर सकाळी, चार ओळी. आज कार्मेलचा विचार कधी आला, तेव्हा मी काय करत होते, आणि तासाभराने कसं वाटत होतं. लग्नाच्या विचाराचंही तसंच लिही, एखादं स्थळ आवडलं असेल तर तेही लिही, वही कोणी बघत नाही. असे निदान तीन महिने. नंतर एकदम सगळं वाच. ज्या दिवशी वॉर्डमध्ये भांडण झालं, आई बोलली, पाहुणे बघायला येऊन गेले, त्याच दिवशी जर मठ आठवत असेल आणि चांगल्या दिवशी आठवतच नसेल तर ते पळणं आहे. आणि उलट, छान दिवस गेला, मैत्रिणीच्या लग्नात नाचून आलीस, पगार झाला, आणि तरी झोपताना आत काहीतरी त्याच बाजूला ओढतंय, तर मग त्याकडं लक्ष द्यायला हवं.

इग्नेशियसचा एक नियम सगळ्यांना पाठ असतो, की मन काळं झालेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. बरोबर आहे. पण त्याने अजून एक सांगितलंय ते फार कमी जण सांगतात: मन एकदम भरून आलेलं असताना घाईघाईने शपथा घ्यायच्या नाहीत, आणि मार्गदर्शकाने तसं होऊ द्यायचं नाही. रिट्रीटच्या शेवटच्या रात्री, मेणबत्त्या, भजनं, सगळे रडतायत, तेव्हा "प्रभू मी तुझीच" म्हणणाऱ्या मुली मी बऱ्याच बघितल्या. तुझंही रिट्रीटपासूनच सुरू झालंय असं तू लिहितेस. खोटं असेल असं मी म्हणत नाही, पण एक वर्ष झालं ना, त्यातलं आता किती उरलंय? नेहमीची मिस्सा, नेहमीचे फादर, पंख्याचा आवाज, पुढच्या बाकावर दंगा करणारी पोरं, यात ते अजून आहे का?

आणि तेही वरखाली होत असेल, आज हो उद्या नाही, तर तिसरी पद्धत आहे, डोक्याची. शांत दिवशी कागदावर दोन्ही बाजू मांडायच्या. मग कल्पना करायची की तुझ्यासारखीच एक अनोळखी मुलगी तुला विचारायला आलीय, हेच वय, हीच आई, हेच लोन, तिला तू काय सांगशील? किंवा मी मरणाला टेकलेय, तेव्हा मागं बघताना आज काय ठरवलेलं मला आवडेल? नर्सला हे दुसरं जास्त नीट जमतं, तुम्ही लोक मरणाला घाबरत नाही.

लग्नापासून पळण्याचं थोडं जास्त बोलते कारण त्यानेच तुला झोप येत नसणार. बघ, शुद्ध हेतू घेऊन कोणीच येत नाही. आविलाची तेरेजा, त्या सुधारित कार्मेलची आई, तिने स्वतःच लिहिलंय की मठात जायचं ठरवलं तेव्हा देवाच्या प्रेमापेक्षा नरकाची भीतीच जास्त होती. आणि वडिलांचं घर सोडताना तर हाडं निखळून वेगळी होतायत असं तिला वाटलं. तेव्हा "मला आनंद होत नाहीये, म्हणजे पाचारण नाही" हेही खरं नाही आणि "माझ्या मनात भीती आहे म्हणजे मी ढोंगी" हेही नाही. सुरुवातीला थोडी भेसळ चालते. बघायचं एवढंच की उद्या ती भेसळ काढून घेतली तर खाली काही उरतं का. साधी टेस्ट सांगू? समज उद्या एक खरंच चांगला मुलगा आला, समजूतदार, दारू नाही, तुझ्या नोकरीला हरकत नाही, आई खूश. आता तुझ्या पोटात काय होतं? सुटल्यासारखं वाटलं तर लग्न कर बाई, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण "मुलगा चांगला आहे, तरी माझं काहीतरी हरवेल" असं वाटलं तर ते लिहून ठेव. ज्या मुलीला लग्न, मूल, नवरा हे सगळं नकोसंच वाटतं ती आम्हाला जरा काळजीत टाकते, खरंच सांगते. ज्या गोष्टीची किंमत कळते तीच सोडायला अर्थ असतो.

बरं, आतापर्यंत फक्त तुझ्या बाजूचं झालं. पण यात दोन बाजू आहेत, तू मठ निवडतेस तसा मठही तुला निवडतो. त्याचा वेळ लागतो आणि तो लागावाच. आमच्यासारख्या ॲक्टिव्ह संस्थेत थोडा काळ अस्पिरंट-पोस्ट्युलंट, म्हणजे उमेदवार, मग नोव्हिशिएट, त्यातलं एक अख्खं वर्ष त्या घरातच काढावं लागतं, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी चालवून घेत नाही, मग तात्पुरती व्रतं तीन ते सहा वर्षं, आणि मग कायमची. क्लॉइस्टरच्या मठांना 2018 च्या रोमच्या नियमांनी अजून लांबवलं: किमान एक वर्ष अस्पिरंट, एक वर्ष पोस्ट्युलंट, दोन वर्षं नोव्हिस, पाच वर्षं तात्पुरती व्रतं. कमीत कमी नऊ वर्षं. म्हणजे तू उद्या गेलीस तरी कायमचं "हो" म्हणायला तू पस्तिशीत असशील. आणि नोव्हिस कधीही उठून जाऊ शकते, कारण सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा आज आयुष्यभराचं ठरवायचं आहे या ओझ्याखाली बसू नकोस, आज फक्त पुढचं एक पाऊल.

लोनचं: कर्ज आहे आणि फेडता येणार नाही अशा व्यक्तीला घेऊ नये असा चर्चचा कायदाच आहे. काही मुलींना वाटतं देव बघून घेईल. देव बघतो, बँकही बघते. आधी लोन फेड. यात तुझी दोन-तीन वर्षं गेली तर वाया गेली असं समजू नकोस, ती वही त्याच काळात भरेल. भावाच्या किंवा वडिलांच्या गळ्यात हप्ते टाकून मठात गेलेली मुलगी रोज सकाळी चॅपेलमध्ये तेच हप्ते मोजत बसते.

मठ बघायला जाशील, "कम अँड सी" म्हणतात ना, तेव्हा चॅपेलपेक्षा किचनमध्ये जास्त वेळ बस. म्हाताऱ्या, अंथरुणावरच्या सिस्टरांना कोण आंघोळ घालतं, कसं बोलतं, ते बघ, नर्सच्या नजरेने बघ. सुपीरियर, म्हणजे घराची प्रमुख, खोलीत आली की बाकीच्या गप्प होतात का हसत राहतात? सोडून गेलेल्यांविषयी कसं बोलतात? "बिचारीला जमलं नाही, पण भेटायला येते अजून" हे निरोगी घर. "तिचं नाव काढू नका" असं असलं तर सावध हो. कन्फेशनला कोणाकडं जायचं याचं स्वातंत्र्य आहे का ते विचार, आणि सुपीरियर तुझ्या मनातलं सगळं तिच्यापुढं उघडं करायला लावत असेल तर ते कॅनन लॉमध्येच मना आहे, तू सांगितलंस तर तुझ्या मर्जीने. मी एक जागा बघितलीय, नाव घेत नाही, तिथं गावागावातून पोरी आणताना "कोर्स करून देऊ, बाहेर पाठवू" असं सांगायचे. पोरी यायच्या, कोर्स व्हायचा, अर्ध्या जायच्या आणि मग पोरींनाच कृतघ्न म्हणायचे. जो मठ तुला घाई करतो, "यंदाच ये, बॅच भरतेय" म्हणतो, तिथं मी तरी जाणार नाही. चांगल्या मठातली मदर बहुतेक वेळा पहिल्यांदा "थांब" म्हणते.

आणि म्हणूनच मार्गदर्शक म्हणून व्होकेशन प्रमोटरला, म्हणजे संस्थेसाठी मुली शोधणाऱ्या सिस्टरला, धरू नकोस. त्या चांगल्या असतात, मी पण तीन वर्षं ते काम केलंय, पण आमचं मन एका बाजूला झुकलेलं असतंच. ज्यांना तू आत गेलीस काय नि बाहेर राहिलीस काय, काही फरक पडत नाही असे फादर किंवा सिस्टर शोध, महिन्यातून एकदा जा, वही घेऊन जा.

आईचं. कायद्याने तुला तिची परवानगी लागत नाही, पण हा कायद्याचा विषयच नाही. आपल्या वसईत पूर्वी घरात सहा-सात मुलं, त्यात एक फादर एक सिस्टर, आईबापाची मान ताठ. आता एक-दोन मुलं, त्यातली एक जाळीमागं जाणार म्हणजे आईला काय वाटेल? माझी आई तरी मला नाताळनंतर सुट्टीला घरी बघायची. तुझी आई क्लॉइस्टरमध्ये तुला भेटायला येणार पार्लरमध्ये, म्हणजे मठाच्या भेटीच्या खोलीत, ठरलेल्या दिवशी, आणि तू घरी सुट्टीला येणारच नाहीस. ती किचनमध्ये उठून जाते ते रागाने नाही ग, तिला ते चित्र दिसतं. शिवाय शेजारच्या बायका "लग्न जमलं नाही वाटतं" म्हणणार हेही तिला माहीत आहे. तिला पटवायला जाऊ नकोस. तिच्यामागं किचनमध्ये जा आणि कांदा चिर. तिच्या म्हातारपणी कोण बघणार, भाऊ आहे का, तू लिहिलं नाहीस, तो प्रश्न भक्तीखाली झाकू नकोस, मठसुद्धा तो विचारेलच.

आता समज हे सगळं करून कळलं की क्लॉइस्टर तुझं नाही. तर मग ती भक्ती वाया गेली का? आपल्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया घे. शिकला जेज्विटांकडे, पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, वर्षानुवर्षं त्यांचा मदतनीस म्हणून राबला, एकच इच्छा की आपल्याला त्यांच्यात घ्यावं. घेतलं नाही. शेवटी तो व्यापारी झाला, चांगला चालला धंदा, मग मनिलाला फ्रान्सिस्कन, दुसऱ्या एका संघाचे लोक, भेटले आणि त्यांच्यात ब्रदर झाला, फादर नाही, साधा ब्रदर. पुन्हा जपानला गेला तो त्यांचा दुभाषी म्हणून, आणि ती भाषा त्याला आली होती जेज्विटांकडच्या त्या "वाया गेलेल्या" वर्षांमुळेच. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला 26 जणांना क्रुसावर दिलं त्यात तो होता, आणि त्याच रांगेत तीन जेज्विट. मी गासच्या चर्चला जाते तेव्हा नेहमी मनात येतं, ज्यांच्यात शिरायला जन्मभर धडपडला त्यांच्याबरोबर एका रांगेत तो शेवटी पोचला पण वेगळ्याच झग्यात.

तुझ्या हातात नर्सिंग आहे, पेशंटची सेवा करणाऱ्या संस्था आहेत, त्यातल्या काहींचं मूळ कार्मेलचंच आहे, त्या पण बघून ये. आणि लग्न करून किंवा एकटी राहूनही कार्मेलची राहता येतं, नुसतं स्कॅप्युलर घालून नाही, सेक्युलर कार्मेल म्हणून संसारी लोकांची शाखाच आहे. रोज अर्धा तास मौन-प्रार्थना, सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं, महिन्याची मीटिंग, आणि तिथंही कायमचं वचन द्यायला पाच-सहा वर्षं लागतात. लोक त्याला दुय्यम समजतात, का ते मला कधी कळलं नाही. सिएनाची कॅथरीन डॉमिनिकन होती ती अशीच, मठात नाही, वडिलांच्या घरातल्या एका खोलीत राहून, आणि 1970 मध्ये चर्चने तिला डॉक्टर, म्हणजे अख्ख्या चर्चची शिक्षिका, म्हटलं.

म्हणून आता करायचं ते: लोनचा आकडा काढ, किती महिने राहिले ते बघ. वही सुरू कर. मार्गदर्शक शोध. आणि एखाद्या कार्मेलला पत्र लिहून आठ-दहा दिवस राहायला मिळेल का विचार, हाताने लिही, फोन नको. जुलैत जाऊ नकोस, सणाच्या दिवसात मठ फुलांनी भरलेला असतो, गर्दी असते, तुझी भक्ती उतू जाईल आणि काहीच कळणार नाही. सप्टेंबरात जा, पाऊस रेंगाळलेला, कपडे वाळत नाहीत, सगळ्यांना सर्दी. मोबाइल घरी ठेव. परत आलीस की पंधरा दिवस कोणाला काही सांगू नकोस, आईलाही नाही, ड्युटी कर, नाईट कर, आणि मग मला लिही. त्यात चॅपेलचं लिहिलं नाहीस तरी चालेल. बेल वाजली तेव्हा तू काय केलंस ते लिही, आणि जेवायला काय होतं नि कोणाच्या शेजारी बसलीस तेही.